रत्नाच्या नाकाचा साबण

मार्गासनीत बुद्धभूषणचा साबण मागताना लोक वास नाही, घर सांगायचे. "सगुणाबाईच्या माळ्यावरचा हाय का?" असं विचारायचे. कारण त्याच्या दोन खोल्यांत वड्या वाळवायला जागाच नव्हती. पूर्वी गॅरेजात काम केलेल्या या माणसाने मग गावभर वड्या ठेवायला सुरुवात केली. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या फडताळात, गिरणीच्या खिडकीत. महिना-दीड महिना त्या तिथं मुरायच्या आणि त्या घराचा वास पिऊन यायच्या, असं त्याचं म्हणणं.

"साबण पाव्हणा हाय. त्याच्यासमोर भांडू नगा," असंही तो बजावायचा. लोक हसायचे, पण वड्या घरात असेपर्यंत आवाज जरा खालीच ठेवायचे.

त्याची बायको रत्ना या वेडात कधी पडली नाही. तिने तेल गाळावं, पातेली घासावीत आणि किकवीच्या दुकानात जाणारं खोकं एसटीत चढवून द्यावं.

गेल्या हिवाळ्यात बुद्धभूषणला ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. करंज तेलाच्या डब्यावर वाकून तो कितीतरी वेळ बसला. "पाणीच हाय ह्ये," म्हणाला. त्या दिवसापासून पातेली पालथी पडली. डोंगरावरून धुकं उतरायचं, पुन्हा चढायचं. हा ओसरीवरून हलायचा नाही.

एका सकाळी रत्नानेच तेल कोमट केलं आणि हाक मारली, "उठा. मला कास्टिक सोड्याचं माप कळत न्हाई. माप तुमचं, नाक माझं."

तो आला. ढवळता ढवळता मिश्रण दाटलं. वाळा पडला, नागरमोथा पडला.

"कसला येतोय?"

"साबणाचा."

"आगं, नीट सांग की."

रत्नाने डोळे मिटले. असलं काही तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पुन्हा एकदा हुंगून ती म्हणाली, "पालीला हाय मी, माहेरी. भात फुलावर आलाय. आईनं ओली घोंगडी दगडावर टाकलीय."

त्यानेही डोळे मिटले. "आन् घोंगडीखाली?"

"दगुडच. ऊन खाल्लेला."

"मग आजून चिमूटभर मोथा," तो म्हणाला.

मग हेच चाललं. दुपारी आटपणारं काम दिवेलागणीपर्यंत लांबायला लागलं. भांडी घासता घासता रत्ना मध्येच थांबायची, नाक वर करायची. कधी वास तिला न पाहिलेल्या गावात न्यायचा. तिथलंही ती सांगायची आणि तो खरं-खोटं न करता ऐकायचा.

नवा साबण काही जुन्या गिऱ्हाइकांनी परत आणला. "ह्यो तुमचा न्हाई, भाऊ."

"न्हाईच," तो म्हणाला. "हिचा हाय."

सगुणाबाईने मात्र एक वडी लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवून दिली. अंगाला लावायचा जीव होईना म्हणाली.

बुद्धभूषणच्या नाकात वास अजून परतलेला नाही. संध्याकाळी आंघोळ करून तो ओसरीवर येतो आणि हात पुढे करतो. रत्ना हुंगते.

"आज कुठं हाय मी?"

"गुंजवणी नदीच्या पल्याड," ती परवा म्हणाली. "कारवी फुललीय. जपून, मधमाश्या हायत."

तसा त्याने बसल्या जागी पाय वर उचलून घेतला.