पाण्यातला बाळकृष्ण

पाळी बंद होऊन वर्षं लोटली होती. आता आपण सुटलो, अशी माझी समजूत. आणि अचानक पुन्हा रक्त जाऊ लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाची पिशवी काढून टाकू, तपासायला पाठवू, मग कळेल." त्यातलं 'मग कळेल' तेवढं मी घरी घेऊन आले आणि कोंबडी अंड्यावर बसते तशी त्यावर बसून राहिले.

ह्यांच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही कोलकात्यात, डमडमला राहतो. इथे रडायला माहेरचं कुणी नाही. म्हणून आईनं लग्नात दिलेला पितळी बाळकृष्ण मी पाण्यात ठेवला. संकट टळेपर्यंत देवानं पाण्यात राहायचं, ही आमची जुनी रीत. पण माझी भक्ती अशी, की काळजी वाटली की पातेल्यात आणखी पेलाभर पाणी! ऑपरेशनच्या आदल्या दुपारी रांगणाऱ्या देवाचा मुकुटसुद्धा बुडाला होता. हे म्हणाले, "अगं, नाक तरी वर राहू दे त्याचं." मी चिडून खोलीत जाऊन बसले.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या माशीमा, म्हणजे मावशी, आम्ही दवाखान्यात असेपर्यंत आमच्या घराची किल्ली न्यायला आल्या. वयानं मोठ्या, मला बौमा म्हणजे सूनबाई म्हणतात. देवघरात डोकावल्या आणि किंचाळल्याच, "ओ मा! गोपालला बुडवलंस? एवढ्या थंडीत?"

मी माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत रीत समजावली. त्या ऐकून घेत होत्या, पण बाह्या सरसावूनच.

"म्हणजे ऑपरेशन तुझं, आणि शिक्षा लेकराला?"

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी त्याला बाहेर काढलं, पदरानं कानामागेसुद्धा पुसलं. घरून आपल्या देवघरातल्या गोपालची पिवळी लोकरीची टोपी आणून घातली, शालीत गुंडाळला. "हा आता माझ्याकडे झोपेल. तू तुझी झोप." आणि गेल्या की घेऊन!

नवस मोडला, आता संपलंच. रिकाम्या पातेल्याकडे बघत बसले. मग लक्षात आलं, आता पाणी घालायला कुणी नाही, राखायला काही नाही. जे करायचं ते माझ्या हातातून गेलं होतं. आणि कितीतरी दिवसांनी मला भर दुपारी गाढ झोप लागली. हे म्हणतात, घोरलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर दात वाजत होते. एक सिस्टर आली. न विचारता तिनं माझे केस टोपीत घातले, ती कानांवरून नीट ओढली, गळ्यापर्यंत ब्लँकेट गुंडाळलं. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. हे सगळं मी कालच पाहिलं होतं. मला एकदम हसू आलं, आणि हसता हसताच भूल चढली.

ऑपरेशन नीट पार पडलं. तपासणीचा निकालही चांगला आला. ह्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. यात कुणाचं किती, याचा हिशेब मी मांडत नाही. बाळकृष्णाला आणायला गेले, तर स्वारी टोपी घालून नव्या गुळाच्या संदेश मिठाईसमोर बसलेली. परत यायची काही घाई दिसली नाही.

इतके दिवस मी देवाला अडवून धरलं होतं. माशीमांनी त्याला सोडवलं, तेव्हा मीही सुटले. आता काळजी वाटली की मी त्याची टोपी सारखी करते आणि झोपते. पातेलं परत वरणाला लावलं आहे.