सोमवार धरा

भिकुबाई अमावास्या मानत नव्हती. भगताचा अंगारा तिने कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, आणि बाकी विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. घात केला तो त्या डोळ्यांनीच.

जळगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ती बायकांच्या वॉर्डात आया होती. नवरा गेला त्या वर्षी लागली, आणि एक्क्याण्णव साल आलं तेव्हा तेरा वर्षं झाली होती. चादरी बदलायच्या, ट्रॉली ढकलायची, रडणाऱ्या बाईला दटावायचं आणि मग तिच्या पाठीवरून हातही फिरवायचा. एवढ्या वर्षांत तिने एक गोष्ट हेरली होती. रविवारी आत आलेल्या बाया सोमवारी आलेल्यांपेक्षा जास्त मरतात. शनिवारी दुपारी मोठे डॉक्टर नाशिकला घरी जात, रक्त तपासायच्या खोलीला कुलूप लागे आणि सगळा वॉर्ड एका शिकाऊ डॉक्टरच्या गळ्यात पडे. मग दुसरं काय होणार?

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणायची.

वॉर्डातली जरीना सिस्टर एकदा चिडून म्हणाली होती, "अगं, रविवारी येतं कोण? ज्याला सोमवारपर्यंत दम निघत नाही तेच ना! आणि सोमवारची वाट बघत जे घरीच मेले, ते तुला इथे कसे दिसतील?"

भिकुबाईने हात झटकला. चार बुकं शिकलेल्यांना सगळं उलटंच दिसतं!

तिचं गाव एरंडोलकडे. सुट्टीला गेली की ओट्यावर बायका जमत, कुणाच्या पोटात दुखे, कुणाला ताप. भिकुबाई ठासून सांगायची, "ऐतवारले दवाखानामा जावानं नही. सोमवार धरा. बठ्ठं मी देखेल शे." सगळं स्वतः पाहिलंय म्हटल्यावर संपलंच. तानुबाईच्या पोटात गाठ होती. तिने सोमवार धरला, ऑपरेशन झालं, बाई ठणठणीत घरी आली. मग काय विचारता! भिकुबाईचा शब्द पंचक्रोशीत चालायला लागला. पुढे गावातल्या हिलालच्या बापाच्या छातीत रविवारी सकाळी कळ आली. लोकांनी त्याला अंगणात बाजेवर निजवलं, सोमवारसाठी जीप सांगून ठेवली, आणि दिवस मावळायच्या आत म्हातारा गेला. आयुष्य तेवढंच होतं, असं सगळे म्हणाले. भिकुबाईही म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, आणि का ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

तिची एकुलती एक लेक सुनंदा त्याच गावात दिलेली. पहिलटकरीण, आठवा महिना. एका शनिवारी दुपारी जावई अभिमन धापा टाकत वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला.

"मामी, तिचं डोकं लई दुखतंय. तोंड सुजलंय, पाय सुजलेत. आजच आणू का?"

भिकुबाईने घड्याळ बघितलं. मोठ्या डॉक्टरांची गाडी नुकतीच फाटकाबाहेर गेली होती. तो पोरीला घेऊन येईपर्यंत अंधार पडणार, आणि उद्या रविवार.

"सोमवारी सकाळी आणा," ती म्हणाली. "मी सगळं सांगून ठेवते. पहिला नंबर तिचाच."

बिचारा निमूट परत गेला.

रविवारी अकरा वाजता धरणगावची एक बाई आली. आठवा महिना, तोंड सुजलेलं, डोळ्यांपुढे अंधारी. सुनंदाचीच सगळी लक्षणं. भिकुबाईने ट्रॉली धावतच आणली. शिकाऊ डॉक्टरने कपाटातलं इंजेक्शन काढलं, जरीनाने सलाईन लावलं, दुसऱ्या दवाखान्यातून भुलीचे डॉक्टर बोलावून आणले. चारच्या सुमाराला वॉर्डात बाळ रडलं. मायही वाचली. तिची चादर भिकुबाईनेच बदलली.

जरीना म्हणाली, "आत्ता निघ. एरंडोलची गाडी धर आणि लेकीला घेऊन ये."

भिकुबाईने चपला पायात घातल्या. दारापर्यंत गेलीही. मग तेरा वर्षांचं शहाणपण आडवं आलं. एका बाईवरून काय ठरवायचं? सकाळी तर येणारच आहेत. मोठे डॉक्टर असतील. एका रात्रीचा तर प्रश्न! तिने चपला काढल्या.

सोमवारी साडेआठला जीप आली. मोठे डॉक्टर हजर, रक्ताची खोली उघडी, खाट तयार. सगळं भिकुबाईला हवं होतं तसंच. फक्त सुनंदाला वाटेत पाळधीजवळ झटका आला होता, आणि फाटकात दुसरा. जीभ चावली जाऊन पदर रक्ताने भरलेला. ट्रॉलीवर तिने अर्धे डोळे उघडले.

"माय, आज सोमवार शे ना?"

"हो गं बाई. सोमवार आहे."

"काल का आणली नाही?" डॉक्टर ओरडले. "कुणी सांगितलं थांबायला?"

विहीण द्रौपदाबाईने भिकुबाईकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा तिने चार माणसांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बाळ पोटातच गेलं होतं. दुपारी सुनंदाही गेली. लेकीवर चादर भिकुबाईनेच ओढली. दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नाही.

गावात सुनंदाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बायका जमल्या तेव्हा ती ओट्यावर उभी राहिली. एवढं बोलायला तिला सगळा जीव गोळा करावा लागला.

"मायांनो, मी चुकले. मीच मारली माझ्या पोरीला. वार बघू नका. दुखलं की निघा."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तानुबाई पुढे आली, तिने मायेने भिकुबाईचा हात धरला आणि हळूच विचारलं, "पन अक्का, सुनंदाले त सोमवारलेच लयी गयात ना? मंग आते कोणता वार धरानं?"

ओट्याखाली आठ-दहा बायका भिकुबाईच्या तोंडाकडे बघत नवा वार ऐकायला थांबल्या होत्या.