बसाप्पाला दोनदा का बुडवलं

मंडळी, गावच्या ग्रुपवर दुपारपासून फिरणाऱ्या व्हिडिओबद्दल लिहितोय. मी तिथं हजर होतो. बुडवायची टाकी माझ्याच पंपानं भरली.

बसाप्पा बेळगावकडचा गवंडी, माझा भाडेकरू. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची दोन प्रचारक पोरं बसनं पेडण्याला येतात, टाय लावून. चहा त्यांच्या पंथात चालत नाही, विचारला तर पाणीच मागतात. बसाप्पा वर्षभर त्यांचं ऐकायला जायचा. आज त्याचा बाप्तिस्मा होता. त्यांच्यात अख्खं अंग एकदम पाण्याखाली जावं लागतं. याच्या पायाचा अंगठा वर राहिला. तोच हसत म्हणाला, "पाय वर राहिला की ओ! परत घ्या." म्हणून परत बुडवलं.

व्हिडिओत फक्त दुसरी बुडी आहे. वर लिहिलंय, "जबरदस्तीनं धर्म बदलतायत!" तो बघून ठेकेदारानं बसाप्पाला सांगितलं, "उद्यापासून कामावर येऊ नको."

मी रोज पूजा करून दुकान उघडतो. त्यांचा पंथ मला पटत नाही. पण ही लबाडी मी खपवून घेणार नाही.

व्हिडिओ काढणाऱ्या, तू माझ्या शेजारीच होतास. तूच ओरडलास, "बसाप्पा, आता साबणय लावून घे रे!" सगळे हसले, बसाप्पाही हसला. तेवढंच कापताना तुझा हात कसा धजावला?