नव्यांनी उभं राहावं

आमच्या महाविद्यालयीन ग्रंथपाल संघटनेच्या अधिवेशनात निवृत्त होणारे इतके असतात, की त्यांच्या सत्काराला नारळ पुरवून कोकण बोडकं झालं असावं. रीत अशी, की आधी नव्या ग्रंथपालांना गुलाब द्यायचा, मग जाणाऱ्यांना शाल. यंदा अध्यक्षांनी नव्यांना उभं राहायला सांगितलं आणि सभागृहात फक्त पंखे हलले. अध्यक्ष इतका वेळ थांबले, की ताटातले गुलाब म्हातारे झाले.

शेजारी सावंत मॅडम मान वळवून मागच्या रांगा न्याहाळत होत्या. उद्या त्या निवृत्त होणार.

"कुणाला शोधताय?"

"माझा चार्ज घेणाऱ्याला. भरती होईपर्यंत ग्रंथालयाला कुलूप लावा म्हणतात प्राचार्य."

"मुलं गप्प बसतील होय?"

"आठवडाभर ओरडतील. मग सवय होईल त्यांना. त्या सवयीचीच भीती वाटते हो."

पूल पडला तर निदान आवाज होतो, बघ्यांची गर्दी जमते. ग्रंथालय बंद पडतं ते मात्र दुपारच्या झोपेसारखं, आणि उठवायला कुणी येत नाही.

तेवढ्यात मॅडमचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या आणि मंचाकडे चालतानाही मागे वळून बघत राहिल्या.