बिनबटणांचे झगे

शाळेसमोरच्या त्या दुकानात मास्तरांनी अडतीस वर्षं गणवेश शिवले. गावात पोरं जन्मेनाशी झाली, हे कळायला त्यांना कुठला कागद वाचावा लागला नाही, भिंतीनेच सांगितलं. भिंतीवर पुठ्ठ्याचे खाके ओळीने टांगलेले, बालवर्गापासून दहावीपर्यंत, एकेका खिळ्यावर एकेक माप. एका साली बालवर्गाचा खाका हंगामभर खाली उतरलाच नाही. पुढच्या साली पहिलीचा. धूळ दर वर्षी एक खिळा पुढे सरकत होती, तुळईला वाळवी लागावी तशी, सावकाश आणि बिनआवाजी. मास्तर बघत होते आणि बोलत नव्हते.

न बोलण्याचं कारण शेजारच्या स्टुलावर बसायचं. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी दुकानात काजं-बटणं करायच्या. त्यांनी घातलेलं काज बघून डोळे निवायचे, आणि त्या काजांवरच त्यांची चूल पेटायची.

"यंदा पोरं थोडी," त्या म्हणायच्या. "पुढच्या वर्षी येतील की."

"येतील," मास्तर म्हणायचे. पहिलीत जो नाही, तो दुसरीत कुठून येणार? आडातच नव्हतं. पण वहिनींपुढे त्यांची जीभ रेटत नसे.

धूळ सातवीच्या खिळ्यापर्यंत पोचली, तेव्हा शाळेने रिकामा पडलेला खालचा मजला गावाबाहेरच्या, जागा अपुरी पडू लागलेल्या वृद्धांच्या निवासाला दिला. निवासाच्या बाई दुकानात आल्या. साठ झगे हवे होते, आणि दर चार महिन्यांनी तितकेच. मास्तरांनी नमुन्याचे दोन शिवून दिले. बाईंनी झगा उलटून पाहिला.

"मास्तर, खाली कापडाची ही चार बोटं माया कशाला दुमडलीत?"

"वाढीला," मास्तर सवयीने बोलून गेले आणि ओशाळले.

"ही माणसं वाढायची नाहीत. वर्षाला बोटभर खालीच येतात. आणि बटणं नकोत. त्यांच्या हातांना काज सापडत नाही. नाड्या लावा."

वहिनींची सुई जागच्या जागी थांबली.

नाड्या मशीनवर होतात, त्याला हातकाम लागत नाही. दुकान वाचत होतं, पण ते स्टूल वाचत नव्हतं. बाई गेल्या.

"नाही म्हणून सांगतो त्यांना," मास्तर म्हणाले.

"आणि मग दोघांनी मिळून खाके झटकत बसायचं? भावजी, खरं सांगा. हे कधीपासून दिसत होतं तुम्हाला?"

"सात वर्षं झाली."

"तेव्हा मी एक्कावन्नची होते. सांगितलं असतंत तर दुसरं काही शिकले असते." त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून मास्तरांना ते जास्त लागलं. "तुम्हाला वाटलं, माया करतोय. केसाने गळा कापलात माझा."

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतःच निवासात गेल्या. काम विचारायचा अवकाश, मिळालं. म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, कूस बदलून द्यायची. काम उदंड होतं, हातच नव्हते. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि झगे बेतायला घेतले.

आठवड्याने वहिनी दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसेनात. बसलं की उठताना कंबर धरते म्हणाल्या.

"कसं आहे तिथलं काम?"

"तिथे सगळ्यांत लहान मीच. 'ए पोरी' म्हणून हाका मारतात मला." त्या हसल्या, पण हसू गालापर्यंतच आलं. "माझ्या जोडीला जी बाई होती ना, ती सत्तरीला टेकलेली. परवा तीच घसरून पडली. आता तिलाही मीच उचलते."

"आणि उद्या तुम्ही पडलात तर?"

"तेच विचारलं निवासाच्या बाईंना. म्हणाल्या, काळजी करू नका, माणसं हवीत म्हणून जाहिरात दिली आहे."

"कधी दिली?"

"दोन वर्षं झाली."