उपग्रहाचं अंगडं

सरोजिनी गायधनींना तृप्ती भोये पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि ते लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही.

नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आल्हादचा कारखाना होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो औषधांचा वाटे. आत पांढऱ्या झग्यांतल्या, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या बायका लांब टेबलांवर चकचकीत सोनेरी पत्र्यासारखं काहीतरी शिवत बसलेल्या असत. तो पत्रा नव्हता. केसाहूनही पातळ अशी फिल्म होती, तिच्या अनेक थरांमध्ये बारीक जाळी घातलेली, आणि हे सगळं मिळून उपग्रहाचं पांघरूण होई. वर अवकाशात हवा नसते. उन्हाची बाजू भाजून निघते आणि सावलीची बाजू गोठते. आतली यंत्रं जगवायची तर त्यांना असं अंगडं घालावं लागतं, आणि ते मशीनपेक्षा माणसाच्या हातानं जास्त बरं शिवलं जातं.

सरोजिनीबाई तिथल्या पहिल्या शिवणाऱ्या. त्याआधी पंचवटीत त्यांचा शिवणक्लास होता. लग्नातले ब्लाउज शिवून घ्यायला बायका गंगापूर रोडवरून येत आणि नंबर लावून बसत. "माझा टाका उसवून दाखवा," असं त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या आणि कोणाला ते जमायचं नाही. पुढे तयार कपड्यांनी क्लास रिकामा केला. आल्हादची आई त्यांची जुनी गिऱ्हाईक. तिच्याच ओळखीनं आल्हादनं विचारलं, "काकू, उपग्रहासाठी शिवाल का?" घरी हे ऐकून यजमान ढुंढिराज, जे गोदाघाटावर यात्रेकरूंचे विधी करत, इतके हसले की सरोजिनीबाईंनी त्याच रागात होकार दिला.

कारखान्यात आत जाताना बांगड्या, मंगळसूत्र, टिकली, पावडर सगळं बाहेर ठेवावं लागे. त्यांनी तेही गिळलं. छोट्या छोट्या पेट्यांची पांघरुणं त्यांनी शिवली, ती पासही झाली. आल्हाद पाहुण्यांना त्यांच्या टेबलाशी आणून उभा करू लागला.

मग मोठं काम आलं. जमिनीवरची पिकं आणि पाणी पाहणाऱ्या एका उपग्रहाचं संपूर्ण अंग झाकायचं होतं. एका मुरलेल्या हाताला ते झेपणारं नव्हतं, म्हणून आल्हादनं तृप्तीला घेतलं. ती पेठकडच्या डोंगरातली. नाशिकला आयटीआयमध्ये शिवणकाम शिकलेली, नंतर सिन्नरला मच्छरदाण्यांच्या कारखान्यात राबलेली. उंच, सावळी, आणि बोलायला लागली की समोरच्याकडे सरळ बघणारी.

टेबलावरचं सोनेरी पांघरूण बघून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही तर गोधडीच हाय की."

"गोधडी नाही ही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आणि इथे नीट बोलायचं."

"नीटच बोलले. थरावर थर, वरून टाका. आमच्याकडं ह्यालाच गोधडी म्हणत्यात."

दुपारी कँटीनमध्ये तृप्ती समोरच्या बाकावर येऊन बसली. सरोजिनीबाईंनी आपला डबा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या. त्या उठण्यात काय होतं ते तृप्तीला बरोब्बर कळलं. तिनं भाकरी मोडता मोडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बरं झालं. ऐसपैस जागा झाली."

त्या दिवसापासून दोघींचं जे जुंपलं ते थांबलंच नाही. तृप्ती टेबलावरचा दिवा आपल्याकडे ओढे, सरोजिनीबाई तो परत फिरवत. सरोजिनीबाई नव्या मुलींना मुद्दाम सांगत, "हिच्याकडून शिकू नका," आणि तृप्ती त्यांच्यासमोरच म्हणे, "शिका, शिका. ब्लाउज शिवायला शिका काकूंकडनं." काकू हा शब्द ती असा उच्चारे की शिवी बरी वाटावी.

खरं भांडण टाक्यावरून झालं.

तृप्ती टाका सैल घाली. दोरा थरांमधून जाई, पण थर दाबत नसे. बोट ठेवलं तर शिवणीपाशी पांघरूण तितकंच फुगीर लागे. सरोजिनीबाईंना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी तिचं तयार झालेलं पॅनेल, पांघरुणाचा एक पुरा तुकडा, सगळ्यांसमोर उचललं.

"हा टाका आहे की झोळी? आळशी हात दिसतो यात."

"तो ढिलाच पाहिजे. ट्रेनिंगला सांगितलंय."

"मला शिकवू नकोस. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून शिवतेय मी."

आणि त्यांनी कात्रीच्या टोकानं तिची शिवण उसवली. कापडाची शिवण उसवली की भोकं बुजतात, फिल्मची बुजत नाहीत. ते पॅनेल तिथल्या तिथे बाद झालं. डोळ्यांखेरीज तृप्तीचं काहीच दिसत नव्हतं, पण तेवढे डोळे पाहून शेजारच्या मुली मागे सरकल्या.

आल्हाद धावत आला. त्याला खरं काय ते माहीत होतं. सैल टाक्याची सूचना त्याच्याच भिंतीवर लावलेली होती. पण काकूंच्या तोंडाला लागायची त्याची कधीच छाती झाली नव्हती. तो म्हणाला, "तृप्ती, काकू सीनियर आहेत. त्या म्हणतील तसं कर सध्या."

"तुमी इंजिनियर ना?" तृप्तीनं विचारलं.

तो पाठ फिरवून ऑफिसकडे गेला. पुढची पॅनेलं दोघींनी मिळून पुरी केली. तृप्ती आपल्याच पद्धतीनं शिवत राहिली, फक्त पॅनेल तयार झालं की सरोजिनीबाईंच्या हाती लागायच्या आत ती पॅकिंगला देऊन टाकी.

पॅनेलं चाचणीसाठी बंगळुरूला गेली. तिथल्या मोठ्या टाकीतून हवा काढून घेतात, एका बाजूनं तापवतात, दुसऱ्या बाजूनं गारठवतात आणि उष्णता कुठून निसटते ते बघतात. काही दिवसांनी निम्मी पॅनेलं परत आली. सोबतच्या चित्रात पांघरुणाचा सगळा भाग निळा होता आणि शिवणी तेवढ्या लालभडक पेटलेल्या दिसत होत्या.

आल्हादनं सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता. "काम हातातून जाऊ शकतं," एवढंच तो म्हणाला.

सरोजिनीबाईंनी टेबलावरच्या पॅनेलांकडे पाहिलं. शिवणारीला आपला टाका ओळखता येतो, आपलं अक्षर ओळखावं तसा. ही शिवण त्यांचीच होती. एकसारखी, आवळलेली, सुरेख. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"मी आधीच सांगत होते. असल्या हातांना असलं काम देऊ नये."

"असल्या म्हंजे कसल्या?" तृप्ती म्हणाली.

सरोजिनीबाई पॅनेलाची कड सरळ करू लागल्या.

"बोला ना. डोंगरातल्या? ज्यांना बघून डबा उचलून पळता त्या?" ती टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर आली. "सर, दोन तुकडे द्या. आमी दोघी इथंच शिवतो, सगळ्यांपुढं. मग मोजा तुमचं तुमी."

आल्हादनं सरोजिनीबाईंकडे पाहिलं. नाही म्हणायची ती शेवटची संधी होती. पण त्या ताठ मानेनं म्हणाल्या, "आण. माझी काही हरकत नाही."

दोघी समोरासमोर बसल्या. सरोजिनीबाईंना आता ठाऊक होतं काय करायचं ते. टाका सैल सोडायचा, बस. त्यांनी सुई घातली, दोरा ओढला आणि मनात म्हटलं, इथेच थांब. हात थांबला नाही. आयुष्यभर जो झटका देऊन तो दोरा आवळत आला तोच झटका त्यानं दिला. पुढच्या टाक्याला त्यांनी जपून ओढलं, तर टाका लोंबला. त्याच्या पुढचा पुन्हा आवळला. टोपीच्या आत घाम सुटला. समोर तृप्ती खाली मान घालून शिवत होती. तिची सुई एका लयीत वरखाली होत होती, आणि सरोजिनीबाईंना त्या लयीचा इतका राग आला की सुई बोटात घुसली.

आल्हादनं जाडी मोजायचं गेज आणलं. तृप्तीच्या शिवणीवर काटा जवळपास हललाच नाही. सरोजिनीबाईंच्या शिवणीवर पांघरूण चपटं झालं होतं. थराला थर चिकटला होता, आणि चिकटला की उष्णता त्यातून सरळ पार होते. छोट्या पेट्यांवर शिवणी मोजक्याच, म्हणून तिथे हे निभावून गेलं होतं.

"काकू..." आल्हाद म्हणाला.

"आता सांगा, आळशी हात कुणाचा," तृप्ती म्हणाली. तिनं ते हळू म्हटलं असतं तर चाललं असतं. तिनं ते मोठ्यानं म्हटलं.

सरोजिनीबाई उठल्या. झगा काढून खुंटीला लावला, दागिने घेतले आणि दुपारीच घरी आल्या. ढुंढिराजांनी विचारलं, "आज लवकर?" त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही. घरात भांड्यांचा आवाज तेवढा वाढला. क्लासच्या दिवसांतला एक सुती तुकडा घेऊन त्या बसल्या आणि सैल टाके घालून पाहू लागल्या. मग तो तुकडा त्यांनी भिरकावून दिला.

"अगं, पण तिचं बरोबर होतं ना?" ढुंढिराज एकदा म्हणाले.

"बरोबर होतं म्हणून तर तिचं तोंड बघायचं नाही मला."

आल्हाद स्वतः घरी आला. चहाला हात न लावता बसून राहिला. शेवटी म्हणाला, "काकू, शिवण तृप्ती पुरी करेल. पण अँटेनापाशी तिचं पांघरूण बसत नाहीये. गोल बूड आहे, त्यातून नळ्या निघतात. चुण्या पडतायत. चुण्या पडल्या की थर दाबले जातात, म्हणजे पुन्हा तेच. तीन वेळा कापून झालं."

सरोजिनीबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "कोणी कापलं?"

"तृप्तीनं."

"मच्छरदाणी कापणारी ती. चौकोनापलीकडे तिला काय येणार?" त्या पदर खोचून उठल्या. "येते मी उद्या. तिच्यासाठी नाही येत."

खरं सांगायचं तर तिच्यासाठीच त्या गेल्या. तिला जमलं नाही ते आपल्याला जमतं, हे तिच्या देखत दाखवायला.

उपग्रहाचा मापाचा सांगाडा हॉलच्या मध्यभागी उभा होता. सरोजिनीबाईंनी खाकी कागद मागवला आणि अँटेनाच्या बुडाभोवती गुंडाळून बोटांनी दाबत नेला. खांदा आणि बाही जिथे जुळते तिथे ब्लाउजला जसा गोलावा द्यावा लागतो तसा इथेही द्यावा लागणार, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. जिथे चुणी पडत होती तिथे त्यांनी चिमटीत दुमडून टक्स धरला, आणि जिथे कमी पडत होतं तिथे एक छोटी कळी, तिकोनी जोड, घातली. कागद अंगाला बसला. कुठे ताण नाही, कुठे सैल नाही.

तृप्ती हाताची घडी घालून बघत होती. "कळीच्या टोकाला चार शिवणी एकत्र येत्यात," ती म्हणाली. "तिथं दाबलंच जाणार."

सरोजिनीबाईंना झोंबलं, कारण ते खरं होतं. त्यांनी कागद काढला, कळी तिरकी केली, टक्स बाजूला सरकवला. पुन्हा लावला.

"आता?"

"आता चालंल."

एवढंच बोलणं झालं. मग त्या कापत गेल्या आणि तृप्ती शिवत गेली. फिल्मला बारीक भोकं असतात, रॉकेट वर जाताना थरांमधली हवा त्यातून बाहेर पडावी म्हणून, नाहीतर पांघरूण फुग्यासारखं फुगून फाटतं. ती भोकं एकावर एक येऊ नयेत अशी कापणी करायची होती. त्यावरूनही दोघी भांडल्या. प्रत्येक कोपऱ्यावरून भांडल्या. मुली कंटाळून म्हणत, या दोघी तोंड उघडतात ते एकमेकींची चूक काढायलाच. पण कारखान्यातून त्या महिन्यात जे गेलं त्यातलं काही परत आलं नाही.

पुढच्या वर्षी श्रीहरिकोट्याहून रॉकेट निघालं तेव्हा आल्हादनं कँटीनमध्ये टीव्ही लावला. सरोजिनीबाई खिडकीपाशी, तृप्ती दारापाशी. ज्वाळा दिसल्या, सगळ्या ओरडल्या. उपग्रह सुटा झाल्याचं सांगितलं तेव्हा तृप्तीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सरोजिनीबाईंनी ते पाहिलं आणि मान वळवली. त्यांचे स्वतःचेही डोळे भरले होते, आणि ते तिला दिसायला नको होते.

काही आठवड्यांनी बंगळुरूहून कळलं की आतली तापमानं ठरलेल्या मर्यादेत आहेत. आल्हादनं पेढे आणले. त्या आनंदात त्याला एक कल्पना सुचली. नवं काम येणार होतं. तो म्हणाला, "काकू, आता तुम्हाला तिच्याबरोबर बसायला लागणार नाही. मी तिला दुसऱ्या पाळीत टाकतो."

"नको."

"का? तुम्हीच तर..."

"तिचं तोंड मला नकोच आहे. पण मी कापलेलं दुसऱ्या कोणी शिवलेलं मला चालणार नाही. दुसऱ्या मुली मी कापते ते गुपचूप शिवतात. चुकलं असेल तरी शिवतात."

आल्हाद तृप्तीकडे गेला. तिनं पेढा खाता खाता ऐकून घेतलं. "नाय," ती म्हणाली. "मला ती बाई आवडत नाय. कधी आवडायची पण नाय. पाळी बदलू नका."

तेव्हापासून त्या एकाच टेबलावर आहेत. डबे अजून वेगवेगळ्या बाकांवर उघडतात. परवा नव्या उपग्रहाचा पहिला आखलेला कागद सरोजिनीबाईंनी टेबलावर पसरला, तर तृप्तीनं तो बघितला, उलटा केला आणि त्यांच्याकडे परत सरकवला.

"वाकलाय."

"कुठे वाकलाय? डोळे तपासून घे."

"इथं. हात लावून बघा."

सरोजिनीबाईंनी हात लावून पाहिलं. मग पेन्सिल घेतली आणि रेघ खोडली.