डावीकडं पड, पोरी!

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं माझ्या बायकोच्या आत्यांचं ठाम मत आहे: एक जवाहर नगरची आणि दुसरी वाट चुकलेली. वाट चुकलेल्यांमध्ये राजा पार्कची माणसं सगळ्यात पुढे. जयपुरातल्या या दोन्ही वस्त्या अगदी शेजारी, आणि आत्यांचं घर जवाहर नगरात. आत्या भाजी राजा पार्कातून आणतात, चष्म्याची काडी तिथेच बसवून घेतात, थंडीत तिथला गाजराचा हलवाही चापतात. पण फुटबॉलचा विषय निघाला की मधला रस्ता त्यांच्या लेखी सरहद्द होतो. त्यात नशिबाचा खेळ असा की त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं सासर राजा पार्कातच, एका पंजाबी घरात. "पोरगी दिली, मैदान न्हाई दिलं," असं त्या व्याह्यांना तोंडावर सांगतात. व्याह्यांना मराठीचा गंध नाही, ते हात जोडून "जी, मम्मीजी, जी," म्हणतात.

आत्या मूळच्या कोल्हापूरच्या. तिकडे पेठापेठांत फुटबॉल चालतो आणि पोर मामाला ओळखायच्या आधी चेंडू ओळखतं. आतोबांच्या रेल्वेच्या नोकरीपायी त्या जयपूरला आल्या, आतोबा निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. पण बोली आणि फुटबॉल या दोन गोष्टी त्यांनी वारा लागू न देता जपल्या. जयपूरला वेड क्रिकेटचं. क्रिकेटला आत्या "मधी जेवायला उठायचा खेळ" म्हणतात आणि विषय संपवतात. विम्याच्या नोकरीत बदली होऊन मी इथे आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, तुम्ही कुठं खेळतासा? पुढं का मागं?" मी म्हटलं, "मी खेळत नाही, आत्या." त्यांनी माझ्या बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मुलाची चौकशी नीट झालीच नव्हती.

स्वयंपाकघरात ओट्यावरून बटाटा घरंगळला तर त्या वाकत नाहीत. पायाच्या आतल्या बाजूनं त्याला अडवतात, अलगद वर उडवतात आणि झेलून सोलायला घेतात. फ्रिजचं दार टाचेनं लागतं. एकदा शेजारच्या शोकसभेत गुरुजी आत्म्याच्या अमरत्वावर बोलत असताना सतरंजीवरचा नारळ आत्यांच्या पायाशी आला, आणि तो सरळ फोटोपाशी कसा गेला हे आत्यांनाही सांगता आलं नाही. घरातली भांडणं त्या कार्डांवर मिटवतात. आतोबांना पिवळं कार्ड लग्नाच्या पहिल्याच वर्षी मिळालं होतं, तेव्हापासून ते फारच जपून खेळतात. दिवसभरात बोलले तर चहाबद्दल.

जवाहर नगरचा रंग निळा. म्हणून आत्यांनी खास बगरूला, त्या छपाईवाल्यांच्या गावी जाऊन गडद निळीच्या ठशांची साडी छापून आणली. पहिल्या धुण्यात ती साडी इतक्या मोकळ्या मनानं रंग देती झाली, की आतोबांचे बनियन, उशांचे अभ्रे आणि माझा आदल्या दिवशी तिथे राहिलेला पांढरा शर्ट, सगळे एकजात जवाहर नगरचे समर्थक झाले. आत्या म्हणाल्या, "बरं झालं. आता तरी तुम्ही संघात आलासा."

ह्या हिवाळ्यात जवाहर नगर आणि राजा पार्क यांच्या मुलींच्या संघांची लढत ठरली, आणि आत्यांवर धर्मसंकट आलं. राजा पार्ककडून खेळणार होती त्यांची सख्खी नात. कॉलेजात जाणारी, शेलाटी, चपळ पोरगी. तिला पहिला चेंडू आत्यांनीच आणून दिलेला, आणि मारायला शिकवलं तेही त्यांनीच, आपल्या अंगणात, पायरीवर बसून तोंडी. अंगणात भिंतीशी उभ्या राहणाऱ्या गोलकीपरच्या उजव्या हाताला आतोबांची स्कूटर असायची. स्कूटरला चेंडू लागू नये म्हणून नात कायम गोलकीपरच्या डाव्या कोपऱ्यात मारायला शिकली. ही गोष्ट जयपुरात फक्त आत्यांना ठाऊक.

"आता तुम्ही कुणाच्या बाजूनं?" मी विचारलं.

"रक्त रक्ताच्या जागी," आत्या म्हणाल्या, "आणि निळं निळ्याच्या."

सामन्याच्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे गोलच्या मागे उभ्या राहिल्या. मी शेजारी कचोरीचा द्रोण घेऊन. राजा पार्कवाल्यांनी ढोल आणला होता. खेळ बरोबरीत चालला होता, आणि अगदी शेवटी आमच्या एका मुलीनं गोलपाशी नको तिथे पाय घातला. राजा पार्कला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवायला पुढे आली ती नात.

आमची गोलकीपर बँकेच्या बदलीवर आलेल्या एका मराठी अधिकाऱ्याची मुलगी. आत्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. मराठी ही जयपुरात सांकेतिक भाषाच की! नातीला तरी कुठे येत होती? आजीच्या प्रत्येक प्रश्नाला ती हिंदीतूनच उत्तर द्यायची. आत्यांनी पदर खोचला, जाळीला तोंड लावलं आणि ढोलावर मात करणाऱ्या आवाजात ओरडल्या, "डावीकडं पड, पोरी! डावीकडं!"

नातीनं एक क्षण मान वर करून पाहिलं. मग ती धावली. आमची मुलगी आज्ञाधारकपणे डावीकडे झेपावली, आणि चेंडू उजव्या कोपऱ्यातून आत गेला.

घरी आल्यावर सुतक पाळलं गेलं. चहा नाही, टीव्ही नाही. आत्यांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्या, लोणच्याची बरणी गोलकीपर केली आणि पराभवाचं चिंतन सुरू झालं. पंच आंधळा होता. ऊन तिरकं होतं. ढोल बेकायदेशीर होता. "आणि तुम्ही कचोरी खात हुतासा. संघ मार खातोय आणि जावई कचोरी!" मी निमूटपणे पिवळं कार्ड घेतलं. पण बोलता बोलता त्यांची नजर पुन्हा पुन्हा बरणीच्या उजव्या बाजूला जात होती. "तिकडं तिनं कधी मारलाच न्हाई," त्या पुटपुटल्या. "कधीच न्हाई."

ऊन उतरायच्या सुमारास फाटक वाजलं. नात दारात उभी होती, गुडघ्यापर्यंत माती, काखेत चेंडू.

"नानी, मी आलो," ती म्हणाली.

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. पोरीच्या तोंडून आत्याच बोलल्या होत्या. आत्यांच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"तुला मराठी येतंय?"

"येतंय की. तू ओरडलीस ते ऐकलो मी. मतलब, सगळंच ऐकलो."

"मग इतकी वर्षं हिंदी का फाडत हुतीस?"

नात खाली बघत म्हणाली, "मराठी बोललो की इथल्या मराठी पोरी हसतात. लडके जैसी बोलती है, म्हणतात."

"हसू देत. दात दिसतील त्यांचे." आत्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग जरा खालच्या आवाजात, "मी तुझा कोपरा फोडला. राग न्हाई आला?"

"आला. म्हणून तर दुसरीकडं मारलो."

आतोबा हसले. मग आत्याही हसल्या, आधी नाकातून, मग सगळ्या अंगानं. नात टेबलाशी बसली, पराभूत वाट्यांकडे बघत तिनं विचारलं, "नानी, तू कुठं खेळायचीस? पुढं का मागं?"

आत्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उगाचच घट्ट केलं. उत्तर आलं ते आतोबांकडून. "तिला कोण खेळू देतंय? मुलगी ना ती. गोलच्या मागं उभी राहायची. बाहेर आलेला चेंडू भावांना परत द्यायची. हातानं. पाय लावला की घरी मार."

मग नात उठली, अंगणात गेली. आतोबांची स्कूटर तिनं ढकलत फाटकाबाहेर नेऊन लावली, चेंडू मधोमध ठेवला आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मार, नानी."

"याड लागलंय का? या वयात?" आत्या म्हणाल्या. शेजारच्या गच्चीकडे त्यांनी एकवार पाहिलं. गच्चीवर कुणी नव्हतं. त्यांनी निऱ्या वर खोचल्या, दोन पावलं मागे सरल्या आणि लाथ मारली. चप्पल सणसणत जाऊन भिंतीवर आदळली. चेंडू जेमतेम हातभर सरकला.

कुणीच हसलं नाही. नातीनं चप्पल उचलून पुढे केली. आत्यांनी ती घेतली नाही. उलट दुसरीही काढून बाजूला ठेवली. थंडगार फरशीवर अनवाणी उभ्या राहून त्या चेंडूकडे बघत राहिल्या.

"परत ठेव," त्या म्हणाल्या.